पंपात तीस मिली निघालं म्हणजे दूध आटलं असं नव्हे

प्रश्न आलाय तो असा. मुलगी दहा आठवड्यांची. जन्माचं वजन २.८ किलो, चौदाव्या दिवशी पुन्हा २.८, आणि परवा लसीला नेली तेव्हा ४.४. पहिला दीड महिना छाती भरून यायची, पदर भिजायचा. आता छाती मऊ पडली आहे. संध्याकाळी सहा ते नऊ बाळ सतत छातीला, तरी किरकिर चालूच. पंप लावून पाहिला तर दोन्हीकडचं मिळून जेमतेम तीस मिली. सासूबाई म्हणाल्या, "दूध आटलंय, वरचं दे." म्हणून आठ दिवसांपासून रात्री नव्वद मिली पावडरचं दूध बाटलीनं चालू आहे. त्याच घरात मोठ्या जाऊबाईंचा सव्वादोन वर्षांचा मुलगा अजून अंगावर पितो, त्यावरून त्यांना वेगळी बोलणी. म्हणजे एकीला दूध नाही म्हणून ऐकावं लागतं आणि दुसरीला अजून आहे म्हणून!

मी तुला एकेरीच बोलणार आहे. पंचवीस वर्षं बाळंतिणींच्या खाटेपाशी बसून काढली, तोंडातून दुसरं येत नाही.

आधी वजन बघू. चौदाव्या दिवसापासून सत्तराव्या दिवसापर्यंत छप्पन्न दिवस झाले आणि वजन वाढलं १६०० ग्रॅम. दिवसाला सुमारे २८ ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत रोज वीस ते तीस ग्रॅम वाढ चांगली मानतात, आणि त्यातले शेवटचे आठ दिवस सोडले तर बाळ निव्वळ तुझ्या दुधावर होतं. चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले होत असतील, लघवी पिवळीजर्द नसेल, तर हिशेब संपला. तुझं दूध कमी नाही. माता-बाल कार्डावरच्या आलेखात हे तीन ठिपके मांड आणि सासूबाईंना दाखव. माझा अनुभव असा, की तोंडी सांगितलेलं घरात कुणी ऐकत नाही, पण कार्डावरचा ठिपका वर गेलेला दिसला की आवाज खाली येतो.

मग छाती मऊ का पडली? सुरुवातीला शरीराला बाळाची भूक ठाऊक नसते, म्हणून ते सढळ हातानं दूध करतं. सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान मागणी आणि पुरवठ्याचं गणित जुळतं, सूज उतरते, गळणं थांबतं. छाती म्हणजे हंडा नव्हे, भरला की वाजणारा. बाळ पीत असतानाही दूध तयार होत असतं. संध्याकाळची किरकिर तर सहाव्या-आठव्या आठवड्याच्या सुमाराला जवळजवळ प्रत्येक घरात असते. भरपूर दूध असलेल्या आईचं बाळही त्या वेळी छाती सोडत नाही. आणखी एक गोष्ट याच सुमाराला घडते: शी रोजच्या रोज होत नाही, कधी चार-पाच दिवसांनी होते. शी मऊ असेल, पोट फुगलेलं नसेल, तर तेही दूध कमी असल्याचं लक्षण नाही.

राहिला पंप. पाजून झाल्यावर लगेच लावला होतास ना? मग जे उरलं होतं तेच आलं. शिवाय पान्हा हा यंत्राच्या ओळखीचा नसतो. ज्यांच्या माहेरी गोठा आहे त्यांना हे मी कधी समजावलं नाही, त्यांनीच मला समजावलं. वासरू लावल्याशिवाय गाय पान्हवत नाही. दूध कासेत असतं, पण सुटत नाही. धार काढणारा अनोळखी असला, गोठ्यात आरडाओरडा असला, तरी ती दूध चोरते. बाईचंही तसंच. दूध तयार करणारं संप्रेरक वेगळं, प्रोलॅक्टिन; दूध सोडणारं वेगळं, ऑक्सिटोसिन. दुसरं जे आहे ते बाळाच्या वासानं, स्पर्शानं, रडण्यानं वाहतं आणि भीतीनं, दुखण्यानं, लाजेनं अडतं. दाराशी कुणी "निघालं का?" विचारत उभं असताना पंप लावणं म्हणजे पान्ह्याला हाकलणंच.

गोठ्यातलीच दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. गाय आटवायची असेल तेव्हा काय करतात? धारा कमी करतात. कासेत दूध तुंबलं की पुढचं बनणं मंदावतं. छातीतही तुंबलेलं दूधच पुढच्या दुधाला थोपवतं, आणि रिकामी झालेली बाजू जोरात भरते. आता तुझी रात्रीची बाटली या नियमात बसवून बघ. नव्वद मिली पावडर पिऊन बाळ चार-पाच तास झोपलं. तेवढा वेळ छाती तुंबली, तीही रात्री, जेव्हा प्रोलॅक्टिन चांगलं चढतं. शरीरानं अर्थ काढला की गिऱ्हाईक कमी झालं. आठ-पंधरा दिवसांत दूध खरंच थोडं कमी होतं, मग दुसरी बाटली लागते, आणि सासूबाईंचं म्हणणं खरं ठरतं. दूध होतं आणि आटलं अशा ज्या बायका मी पाहिल्या, त्यातल्या बहुतेकींचं याच वाटेनं आटलं. पावडरच्या जाहिरातीवर आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, पण घरातली शंका जाहिरातीची उणीव भासू देत नाही.

तुझी एकच बाटली आहे आणि वजन उत्तम आहे, त्यामुळे ती सरळ बंद कर. त्या वेळी दोन्ही बाजूंना पाज, पुन्हा पहिल्या बाजूला घे. दोन-तीन रात्री बाळ जास्त वेळा उठेल. ते मागणी नोंदवत असतं. आठवड्यानं त्याच काट्यावर, कपडे काढून वजन कर. रोज वजन करू नकोस, काटा आणि तू दोघीही वेडावाल. (ज्यांचं बाळ दिवसाला तीन-चार बाटल्या पितं त्यांनी मात्र असं एकदम तोडू नये. डॉक्टरांच्या नजरेखाली, वजन बघत, थोडं थोडं कमी करायचं, आणि द्यायचं ते बाटलीऐवजी वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं.)

आता पकडीविषयी, कारण दूध कमी म्हणून आलेल्या बायकांत मी सगळ्यात आधी हेच बघते आणि बहुतेक वेळा इथेच थांबते. बोंडी एकटी तोंडात गेली तर बाळ चोखतं पण पीत नाही, तासभर छातीला राहतं, तरी उपाशी, आणि आईच्या बोंडीला चिरा. उजव्या बाजूला पाजायचं तर बाळाला डाव्या हातानं धर: तळहात त्याच्या खांद्यांमागे, अंगठा आणि बोटं कानांच्या मागे मानेशी, डोकं मागे झुकायला मोकळं. पोटाला पोट. उजव्या हातानं छाती खालून धर, वडापाव खाताना आपण जसा दाबून तोंडाच्या दिशेनं चपटा करतो तसा. दोन बोटांच्या कात्रीत बोंडी धरायची सवय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, ती सोड. त्या बोटांमुळे बाळाला पुरेसा भाग तोंडात घेताच येत नाही. बोंडी बाळाच्या वरच्या ओठाला टेकव, जांभईसारखा मोठा आ होईपर्यंत थांब, मग बाळाला छातीकडे आण, छातीला बाळाकडे नको. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, आणि काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसतोय, खालचा तोंडात गेलाय, अशी पकड हवी. सुरुवातीच्या काही सेकंदांनंतरही दुखत असेल तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडव आणि पुन्हा लाव. पाजून झाल्यावर बोंडी गोल दिसायला हवी. नव्या लिपस्टिकसारखी तिरपी, चपटी झाली असेल तर पकड चुकली. मराठीत नीट बघायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या हेल्थ स्पोकन ट्युटोरियलमध्ये यावर व्हिडिओ आहेत. मी आमच्याकडच्या आयांना फोनवर तेच लावून देते.

आणि कान दे. भराभर चोखणं, मग संथ लय, आणि मधे मधे गिळल्याचा हलका 'क' असा आवाज. गिळणं थांबलं, नुसतं चघळणं उरलं की छाती हातानं दाबून धर, पुन्हा घोट सुरू होतील. तेही थांबले की बाजू बदल. घड्याळ लावून दहा-दहा मिनिटांचा हिशेब करू नकोस.

ज्यांचं दूध खरोखर कमी आहे, म्हणजे काटाच तसं सांगतोय, त्यांच्यासाठी क्रम असा. पकड सुधारायची. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं, रात्री किमान दोनदा. दिवसातून दोन-तीन वेळा बाळाला फक्त लंगोटावर आपल्या उघड्या छातीवर ठेवून अर्धा-पाऊण तास पडून राहायचं. आणि पाजून झाल्यावर दोन्हीकडचं पाच-दहा मिनिटं हातानं पिळायचं, चार थेंब आले तरी. ते चार थेंब महत्त्वाचे नाहीत, रिकामं करणं महत्त्वाचं आहे. फरक दिसायला तीन दिवस ते आठवडा लागतो. याउपर फरक नसेल तर कारण शोधायला हवं: थायरॉईड, बाळंतपणात झालेला फार मोठा रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणं, छातीवरची जुनी शस्त्रक्रिया, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, काही जणींत पीसीओएस (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार), किंवा बाळाच्या जिभेखालचा पडदा आखूड असणं. थोड्या जणी अशा असतातच की ज्यांचं सगळं करूनही पूर्ण पुरत नाही. त्यांनी जेवढं आहे तेवढं पाजावं, उरलेलं वरचं द्यावं आणि अपराधी वाटून घेऊ नये. दूध वाढवण्याच्या गोळ्या मिळतात, पण डोम्पेरिडोनसारख्या औषधाचा हृदयाच्या ठोक्यांशी संबंध आहे. मैत्रिणीला दिली होती म्हणून मेडिकलमधून आणायची ती वस्तू नव्हे.

अळीव, डिंक, मेथी, शेपू, खसखस, शतावरी कल्प. हे विचारल्याशिवाय कुणी उठत नाही. अळिवात लोह चांगलं असतं, डिंकाच्या लाडवात तूप-खारीक-खोबरं म्हणजे ताकद असते, आणि पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी जास्त लागतात. त्या अर्थानं लाडू कामाचाच. पण लाडू खाल्ला आणि दूध काढलंच नाही, तर वाढतं ते आईचं वजन. शतावरी आणि मेथीवर अभ्यास झालेत, पण निष्कर्ष ठाम म्हणावेत असे नाहीत. मेथी जास्त झाली की आईला आणि कधी बाळालाही जुलाब होतात, आणि मधुमेह-थायरॉईडवाल्यांनी तिचं चूर्ण विचारूनच घ्यावं. मला जास्त राग येतो तो न खाऊ देण्याचा. बाळंतिणीला पाणी कमी, डाळ वातूळ, फळं थंड, भात नको. तहान लागेल तेवढं पाणी पी, भाकरी-डाळ-भाजी-दही पोटभर खा. शाकाहारी असशील तर एक गोष्ट लक्षात ठेव: आईच्या अंगात बी-१२ कमी असेल तर दुधातही कमी उतरतं. अशी बाळं दिसायला गुटगुटीत असतात, पण सहा-आठ महिन्यांची झाली की सुस्त होतात, शिकलेलं विसरतात, हात-मान थरथरते. मी पाहिली आहेत. रक्त तपासून घे. आणि बाळाचे 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० युनिट, चुकवू नकोस. ते अंगावरच्या दुधातून पुरेसं मिळत नाही.

गुटी, मध, ग्राइप वॉटर, चमचाभर पाणी: सहा महिने काहीही नाही. मध तर वर्षभर नाही.

तू नोकरीविषयी विचारलं नाहीस, पण रजा संपेल तेव्हा विचारशीलच. पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची, त्यातले बाळंतपणाआधी किती घेतलेस ते मोज. कामावर रुजू झाल्यावर मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसात दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी कायद्यानं मिळते. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं आणि दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं. किती ठिकाणी आहे ते विचारू नकोस, पण अर्ज लेखी दे. रुजू होण्याआधी दोन-तीन आठवडे रोज पहाटेच्या पाजण्यानंतर एकदा काढायला लाग. पहाटे जास्त येतं. काढलेलं दूध आपल्याकडच्या उकाड्यात बाहेर चार तासांच्या वर ठेवू नये, फ्रिजमध्ये आतल्या बाजूला चार दिवस चालतं, दारात ठेवू नये. द्यायच्या वेळी भांडं गरम पाण्यात धरून कोमट करायचं. गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये नाही. वर साय आणि खाली पाणी दिसेल, ते नासलेलं नाही, हलवून घ्यायचं.

मी नर्सिंगमध्ये नवी होते त्या काळात, १९८९ मध्ये, मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. काढलेलं दूध दुसऱ्याच्या बाळाला, हे ऐकून तेव्हा आम्हीच नाकं मुरडली होती. पुढे काचेच्या पेटीतली किलोभर वजनाची बाळं त्या दुधावर तगताना पाहिली. पंपाला नावं ठेवताना हेही सांगायला हवं.

आता जाऊबाई. त्यांना हे वाचून दाखव, किंवा फोनच हातात दे.

दोन वर्षांनंतर दुधाचं पाणी होत नाही. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि पुढेही, आई-मुलाला हवं तितकं, असंच सांगते. दुसऱ्या वर्षात मुलाच्या एकूण ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा अंगावरच्या दुधातून येऊ शकतो, आणि जुलाब-तापात पोर दुसरं सगळं थुंकतं तेव्हा हेच पोटात राहतं. आईचाही फायदा आहे: आयुष्यात एकूण जितके महिने पाजलं, तसा स्तनाच्या कर्करोगाचा धोका घटतो, दर बारा महिन्यांमागे सुमारे ४ टक्क्यांनी. मूल चिकट होतं, बावळट होतं, आईवेगळं राहत नाही, याला काही आधार नाही. सव्वादोन वर्षांचं पोर आईवेगळं राहत नाहीच, पीत असो वा नसो.

पण टीका करणाऱ्यांच्या दोन मुद्द्यांत तथ्य आहे, ते झाकून चालणार नाही. एक, लोह. अंगावरच्या दुधात ते फार थोडं असतं. दिवसभर येता-जाता पदर ओढून प्यायचं आणि ताटाकडे बघायचंही नाही, असं चाललं असेल तर मूल पांढुरकं पडतं, मग भूक आणखी मरते, मग आणखी पितं. या वयात आधी जेवण, मग दूध. तीन जेवणं आणि मधे दोन खाणी: वरण-भात-तूप, नाचणी, अंडं, मोड आलेली मटकी, वर लिंबू पिळून. आशाताईंकडून मिळणारं लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा, १ मिली. ते पाच वर्षांपर्यंत द्यायचं असतं आणि घरोघरी कपाटात पडून असतं. अंगावरचं बंद करून चहा-बिस्किट आणि कपभर गाईचं दूध सुरू करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात, कारण त्यानं लोह आणखी मागे पडतं.

दुसरा मुद्दा दातांचा. वर्षानंतर रात्रभर तोंडात छाती ठेवून झोपायची सवय असेल तर पुढचे दात किडायचा धोका वाढतो. झोपण्याआधी फ्लोराइडच्या पेस्टनं, तांदळाच्या दाण्याएवढ्या, दात घासायचे आणि रात्रीचं पाजणं हळूहळू कमी करायचं. दिवसाचं चालू ठेवून रात्रीचं बंद करता येतं, हे पुष्कळ जणींना सुचतच नाही.

मर्यादा घालायलाही हरकत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये पोरानं पदर ओढला तर "घरी गेल्यावर, खाटेवर बसून" एवढं सव्वादोन वर्षांच्या मुलाला कळतं. रडेल, रडू दे थोडं. पाजणं हा दोघांचा व्यवहार आहे, आईला नकोसा झाला असेल तर तेवढंही कारण पुरे. सासरचे म्हणतात म्हणून मात्र नाही. आणि पाजतेय म्हणून दिवस जाणार नाहीत या भरवशावर राहू नये. तो भरवसा फक्त बाळ सहा महिन्यांच्या आतलं, निव्वळ अंगावर आणि पाळी सुरू झालेली नसेल, तिन्ही एकत्र असतील तेव्हापुरता. तुलाही हे लागू, बाटली सुरू झाल्यापासून तुझाही तो भरवसा ढळला आहे.

सोडवायचं ठरलं तर कडुनिंब, मिरची, कोरफड छातीला लावणं नको, आणि मुलाला आठ दिवस आजोळी ठेवून येणं तर नकोच. एका दिवसात दूध आणि आई दोन्ही गेल्यावर पोरानं काय समजायचं? एक वेळ निवडायची, सगळ्यात कमी लाडकी, बहुधा दुपारची. त्या वेळी बाहेर न्यायचं, खाऊ द्यायचा. आठवडाभरानं दुसरी वेळ. झोपेची वेळ सगळ्यात शेवटी, आणि ती बाबानं थोपटून निभवायची. आई त्या खोलीत नसली तर लवकर जमतं. मधल्या काळात दहा आकडे मोजेपर्यंतच पाजायचं, हा खेळ मुलं आश्चर्य वाटावं इतक्या सहज मानतात. एकदा ठरलं की रडण्यापुढे परत माघार नको, नाहीतर पोर शिकतं की जास्त रडावं लागतं.

छाती ठणकली तर आराम पडेल इतकंच पिळायचं, पूर्ण रिकामी नाही. गार फडका ठेवायचा, फडक्यानं करकचून बांधायचं नाही. एखाद्या जागी लाल, तापलेली, दुखरी गाठ आणि सोबत थंडी-ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. नंतर कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने, दाबलं की दोन थेंब येतात. ते तसेच असतात, रोज दाबून बघू नये. बघत राहिलं की येत राहतात.